हाताबाहेर जाणाऱ्या गोष्टींचं पेटंट

…अहो, अंडं होतं ते! खरंखुरं, पट्ट्यावरून घरंगळत येणारं अंडं, त्याला रबरी हातोडी टिचकी मारणार, आवाजावरून यंत्र ओळखणार की तडा गेलाय का, आणि हे सगळं बघून पेटंट कचेरीतले परीक्षकसाहेब आमच्या वहिनींना म्हणाले काय, तर 'कल्पना छान आहे, पण नुसती कल्पनाच आहे!'

आता तुम्हाला सांगतो, वहिनी पेटंटचे अर्ज लिहितात आणि मी त्यातल्या आकृत्या काढतो, म्हणजे ते अंडं मी स्वतः तिन्ही बाजूंनी काढलेलं… अंड्याला बाजू असतात का, ते सोडा. अर्जात महत्त्वाचे ते दावे, म्हणजे आमचं कुंपण कुठून कुठवर. नुसत्या विचाराला पेटंट नाही, ते बरोबरच आहे, नाहीतर उद्या कुणी बेरजेवर हक्क सांगेल. पण वहिनींनी 'आवाजांची तुलना' लिहिलं, तर साहेब म्हणाले, तुलना माणूस मनातही करतो. हातोडी आणि माइक घातला, तर म्हणाले, ते बाजारात मिळतात. मग तडकलेलं अंडं बाजूला ढकलणारा दांडा घातला, म्हणजे निकाल नुसता पडद्यावर न दिसता काहीतरी खरोखर हलतं, यावर तरी बोलती बंद व्हावी की नाही? छे. चष्मा कपाळावर सारून, आवाजात मध घालून पुन्हा तेच, 'कल्पना छान आहे, पण…' अंडीवाला वैतागून दुसऱ्याकडे गेला, आणि वहिनींनी घरी येऊन भांडी अशी घासली की कढईचा कान निखळला.

पुढे साहेब निवृत्त झाले, आणि कुठे उगवावेत? आमच्याच ऑफिसात, पिशवीत पातेलं घेऊन. दूध उतू जाण्याआधी त्याचा आवाज बदलतो म्हणे, तो ऐकून शेगडी बंद करणारी कळ त्यांनी बनवली होती. जन्मभर लोकांचे दावे खोडले, पण स्वतःला एक लिहिता येईना. हळूच म्हणाले, "मॅडम, तुमच्याइतकं चिवट कुणी लिहीत नाही." मला वाटलं, आता पातेलं डोक्यात. पण वहिनी हसल्या… आणि ते हसणं बघून मीच दोन पावलं मागे सरकलो.

साहेब गेल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, शेगडी काढू नका. पातेलंही नको. नुसते चौकोन काढा आणि बाण." आणि दावा काय लिहिला? 'एखादी गोष्ट हाताबाहेर जाण्याची चिन्हं ओळखून ती वेळीच थांबवणे.' संपलं. दूध नाही, माइक नाही, कळ नाही. मी म्हटलं, वहिनी, हे कुणीही फेटाळेल.

"फेटाळू दे. एकदा त्यांनाही ते वाक्य ऐकू दे. मग देईन नीट लिहून."

साहेब वाचायला बसले तेव्हा मी दाराजवळच उभा, कारण असलं काही त्यांनी झोपेतसुद्धा खोडलं असतं. पण कल्पना स्वतःची ना… डोळे पाणावले त्यांचे. "किती नेमकं लिहिलंत," म्हणाले, आणि सही करून मोकळे. इकडे वहिनींची आरशासमोर तालीम सुरू, चष्मा कपाळावर, आवाजात मध, 'कल्पना छान आहे, पण…'

आणि निकाल आला. मंजूर! नवा परीक्षक, नवा उत्साह, एक शब्द न खोडता मंजूर. शेरा काय, तर 'कल्पना छान आहे.' आणि पुढचं 'पण' नाहीच हो!

म्हणजे आता जगात हाताबाहेर जाण्यासारखं जे जे आहे, त्यावर साहेबांचा हक्क. परवा एक बॉयलरवाला आला, पत्र्याची कुरकुर ऐकून झडप उघडणारं यंत्र घेऊन. वहिनींनी जीव ओतून, एकेक स्क्रू मोजून दावा लिहिला, तर उत्तर आलं की हे साहेबांच्या पेटंटात आधीच येतं. ते पेटंट रद्द करून घ्यायचं, तर चारचौघांत सांगावं लागणार की दावा मुद्दाम ढिसाळ लिहिलाय. आणि लिहिणारी कोण?

म्हणून हल्ली नवीन गिऱ्हाईक आलं की वहिनी आधी साहेबांच्या घरी जातात, परवानगी मागायला. ते अगत्यानं बसवतात, स्वतः चहा करून आणतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "माझ्या वकीलबाई. यांच्यासारखं कुणी लिहीत नाही."

वहिनी निमूटपणे चहा पितात. दुसरं काय करणार, सांगा.