खुणेचा बांबू

किनाऱ्याची पाहणी करणाऱ्या कचेरीत, बाकावर बसून माझा जप चालला होता. शेजारी दोघी बहिणी होत्या. गॅसच्या जहाजांसाठी बांधलेल्या नव्या धक्क्याच्या एका अंगाला थोरलीचं घर, दुसऱ्या अंगाला धाकटीचं.

“ताई, धक्क्यानं प्रवाह वळला आणि वाळू माझ्या दारात साठली. त्यात माझा काय दोष?”

“दोष कोण देतंय? तुझं नशीबच तसं. नवरासुद्धा तुलाच बरा मिळाला.”

“भाऊजींना सांगू का? पण तुझी वाळू वाहून जातेय, तरी अहवालात काहीच नाही कसं? अशानं तुला दगडी बांध मिळायचा नाही.”

“खुणेचा बांबू मी हलवत होते.”

“काय?”

“पाणी जवळ आलं की बांबू तेवढाच मागे रोवायचे. साहेब बांबूपासून पाण्यापर्यंत मोजायचे, अंतर तेवढंच भरायचं. तू रोज गच्चीवरून बघायचीस ना, माझं किती गेलं ते.”

“अगं, काळजीनं बघायचे मी!”

“तीच नको होती मला.”

“पाणी ओट्याला लागलंय, ताई. चल आत, साहेबांना खरं सांगू.”

“सांगते मी. तू इथंच थांब.”

“का गं?”

“किती हात गेलं, ते तुझ्यासमोर नाही सांगायचं मला.”