जाळ्यांवरची झाकणे

पुरवणी जबाब, दि. ९ डिसेंबर

मी मयताची पत्नी, वय ५९ वर्षे, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त, राहणार पाण्याच्या टाकीसमोरील इमारत, दुसरा मजला. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, घटनेच्या दिवशी मी दिलेला जबाब अपुरा होता. आज मी आपण होऊन आले आहे. मला कोणी बोलावलेले नाही.

माझे पती आरेखक होते व दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माझ्या सासूबाई बारा वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. त्या काळात आम्ही दोघे मिळून कुठे मुक्कामाला गेलो नाही. त्या वारल्यानंतर पतींनी आमच्या जुन्या जीपमागे जोडायची, कच्च्या रस्त्यावर चालेल अशी झोपण्यापुरती गाडी बांधायला घेतली. सांगाडा, चाके व धक्के झेलणारे स्प्रिंगचे पाटे मागच्या गल्लीतील वेल्डरनी बसवले. त्यांना सगळे बापू म्हणतात. प्लायवूड, वरचा पत्रा व दाराच्या रबरी पट्ट्या हे काम पतींनी स्वतः इमारतीच्या आवारात केले. गादीचे माप घेताना त्यांनी मला फरशीवर आडवे व्हायला लावले व खडूने रेघ मारली.

आत हवा खेळती राहावी म्हणून बापूंनी दाराखाली एक व छताजवळ एक अशा दोन जाळ्या लावून दिल्या. त्या दिवशी ते म्हणाले, "काका, घर तर झालं. आता पोस्टमनला पत्ता काय सांगायचा, डावं चाक की उजवं?" पती म्हणाले, "उजवं. डाव्या बाजूला तुझी काकू राहणार."

नंतर पतींनी गादीवर पांढरी चादर अंथरून गाडी माळरानावर फिरवून आणली. चादर पार मातकट झाली होती. धूळ जाळ्यांमधून येत होती. त्यांनी बिस्किटांच्या जुन्या डब्याच्या पत्र्यातून दोन सरकती झाकणे कापून जाळ्यांवर बसवली. रस्त्यावर असताना झाकणे बंद ठेवायची आणि मुक्कामाला थांबलो की उघडायची, असे ठरले होते. कापताना डबा मी धरला होता. त्याचा उरलेला भाग घरी आहे, हवा असल्यास आणून देते. पुन्हा गाडी फिरवली तेव्हा चादर स्वच्छ राहिली. ती मला दाखवायला ते जिना चढून वर आले. "बघ, लॉजवरसुद्धा अशी मिळायची नाही," म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी ते गाडी घेऊन तलावामागच्या माळावर एकटेच गेले. मीही तयार होते. परंतु ते म्हणाले, "आधी मी एक रात्र झोपून बघतो, काय टोचतं काय नाही. पुढच्या शनिवारी तुला नेतो. उद्या जेवायला थांब माझ्यासाठी." रविवारी सकाळी त्यांनी फोन उचलला नाही. म्हणून माझे दीर व बापू तिकडे गेले. मागाहून मला नेण्यात आले. दार आतून लावलेले होते, ते बापूंनी पहारीने उघडले होते. थंडीसाठी त्यांनी सोबत नेलेली कोळशाची शेगडी पायाशी विझलेली होती. दोन्ही झाकणे बंद होती. पती गादीच्या उजव्या बाजूला झोपलेले होते.

काल मला समजले की, झाकणे आपणच बसवली व ती उघडायची असतात हे काकांना सांगायचे राहून गेले, असे बापूंनी जबाबात सांगितले आहे. हे खरे नाही. बापूंनी ती झाकणे त्या सकाळपर्यंत पाहिलीही नव्हती. मी त्यांच्या दुकानात जाऊन विचारले. ते म्हणाले, "काकू, काकांनी स्वतःला कोंडून घेतलं अशी कुजबुज चाललीय. त्यापेक्षा माझं काम चुकलं म्हणू देत." मी म्हणाले, "आणि तुमच्या मुलाबाळांनी कुणाकडे बघायचं?"

आज इकडे निघताना दिरांनी मला जिन्यात अडवले. ते म्हणाले, "वहिनी, वेल्डर कबूल झालाय ना? मग कशाला उकरून काढता? दादा गेला तो गेला, आता वर त्याला वेंधळाही ठरवायचा?" दिरांचा भावावर जीव होता, हे मी जाणते. माझे पती बाहेर पडताना कुलूप दोनदा ओढून बघत असत. गॅसचे बटण मी बंद केले तरी ते पुन्हा बघून येत. आमच्या पस्तीस वर्षांच्या संसारात ते काही विसरल्याचे मला आठवत नाही. त्या रात्री ते झाकणे उघडायला विसरले. त्यांना जीव द्यायचा नव्हता. पेटलेली शेगडी बंद जागेत घ्यायचीच नसते, जाळ्या उघड्या असल्या तरी, असे डॉक्टरांनी मला सांगितले. हे आम्हा दोघांना माहीत नव्हते.

यात बापूंचा काही दोष नाही. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही व घरातल्या इतर कोणी केली तर ती मला मान्य नाही.

माझा जबाब मला मराठीत वाचून दाखवण्यात आला. त्यात "पतींच्या निष्काळजीपणामुळे" असे लिहिले गेले होते. तो शब्द मी काढायला सांगितला. तेथे आता "विसरल्यामुळे" असे आहे व खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.