जांभळा बाण

दाताच्या दवाखान्यात दोन म्हातारे बाकावर बसले होते. एकाचा गाल सुजला होता, दुसरा सोबतीला आला होता. शेजारच्या बाईंनी मासिक उघडलं होतं खरं, पण कान तिकडेच होते.

“मुलगा फोन करतो का रे?”

“त्याला कुठली सवड? पण रोज दिसतो.” सुजलेल्या गालाने मोबाइल पुढे केला. “हा बघ, जांभळा बाण.”

“हा तुझा मुलगा?”

“खाली नाव आहे की. तो डिझाइनचं काम या वेबसाइटवर करतो. लिंक असली की चालू काम दिसतं, त्याचा माउस फिरेल तसा हा बाणही फिरतो. एकदा पोस्टर दाखवायला त्याने ती लिंक पाठवली होती, मी जपून ठेवलीय.”

“आणि दिवसभर बाण बघत बसतोस?”

“भरभर फिरला की समजायचं, स्वारी खुशीत आहे. थांबला की जेवायला गेला. हल्ली मेला थांबतच नव्हता.”

“तू बघतोस हे त्याला ठाऊक आहे?”

“काल कळलं. माझं बोट लागलं आणि लोगो गायब झाला, वर तिथे माझं नाव उमटलं. लगेच फोन. तोवर त्याला नुसतं कुणीतरी बघतंय एवढंच दिसायचं, वाटत होतं, गिऱ्हाईकच डोक्यावर बसलंय. म्हणून बिचारा जेवायला उठत नव्हता.”

“चिडला असेल.”

“चांगलाच. पोटभर चिडला, मग दाताचं विचारलं, गोळ्यांचं विचारलं. म्हणाला, बघा हवं तेवढं, पण कशाला हात लावू नका.”

“मग लावू नकोस बाबा.”

“छे, छे. आज फक्त मथळा जरा सरकवायचा विचार आहे.”