दोन्ही खेपांना दहापैकी दहा

हे आधी लिहून घ्या, की आमच्या घरातली पयली इंजिनेर मी, मनीषा, दिंद्रुडच्या शिवारातली, आन् माझ्या आधी आमच्यात सातवीच्या पुढं कोणी गेलंच न्हवतं. माय-तात्या ऊसतोडीला जायचे, दिवाळी झाली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, कोयते, शेळी आन् सगळ्याच्या वर आमी. ट्रॉलीला कसली आली स्प्रिंग, खड्डा आला की तो सरळ मणक्यात शिरायचा. माय मला मांडीवर घ्यायची, खड्डा दिसला की आंग सैल सोडायची, वळण आलं की ताठ व्हायची, आन् मी आपली झोपलेली. आता मी रेल्वेच्या डब्याखालच्या सस्पेन्शनचं काम करते ते तसंच हाय बघा. चाकापाशी सेन्सर असतो, रूळ जरा खाली-वर झाला की तो कळवतो, आन् कॉम्प्युटर पापणी लवायच्या आत दणका झेलणारे शॉकॲब्जॉर्बर मऊ करतो न्हाईतर कडक. म्हंजे माणूस हलत न्हाई. काय सांगू तुमाला, हे तात्याला समजावता समजावता माझी दोन वर्षं गेली, तरी ते गावात सांगतात, पोरगी रेल्वेत गाद्या बसवती.

तर आपल्या जिल्ह्यात रेल्वे आली, आन् आमच्या कंपनीचा एक डबा दोन दिवस चाचणीला आला. आमचे सर मद्रासकडचे, मराठी अर्धीमुर्धी, पण माणूस हुशार. ते म्हणले, यंत्र आकडे देतं, पण यंत्राला कंबर नसती, मला माणसं पायजेत. त्याच रुळावर दोन खेपा करायच्या, एकीत सिस्टीम चालू, एकीत बंद, कुठली कधी ते फक्त सरांना ठाऊक, मलाबी न्हाई. बसणाऱ्यानं दर खेपंला दहापैकी मार्क द्यायचे. माणसं आणायचं काम माझ्याकडं. मी म्हणलं, त्यात काय, आन् दोन जिपा भरून आख्खी आळी आणली.

सगळ्यांनी दोन्ही खेपांना दहापैकी दहा दिले.

आता तुमी म्हणाल चांगलं झालं की. आहो, कशाचं चांगलं! चालू-बंद सारखंच म्हणल्यावर सिस्टीमचा उपयोग काय? सर कागद बघत म्हणले, मनीषा, उद्या शेवटचा दिवस, माणसाला फरक कळत नसंल तर ही सिस्टीम काढायची आन् तुझं कामबी बंद. मी मायला म्हणलं, माय, तू एका खेपंला पिशवीत वकलीस, मी पाहिलं, तरी दहा कावून दिलेस? तर माय म्हणती, वकले तर गाडीचा काय दोष, माझं पोटच तसलं. शेजारचे मामा म्हणले, आगं आपल्या लेकीच्या कामाला कमी मार्क दिले तर गाव तोंडात शेण घालंल. मी हात जोडले, म्हणलं, लाडकोड घरी करा, इथं खरं लिहा. दुपारी परत बसवलं. तर सगळ्यांनी नऊ दिले. दोन्ही खेपांना.

संध्याकाळी डोकं धरून बसले आन् एकदम आसाराम बप्पा आठवले. आमच्या भावकीतले, तात्याचे चुलत भाऊ. बांधावरच्या एका बाभळीवरून तात्याची आन् त्यांची अकरा वर्षं बोलचाल न्हाई, मी इंजिनेर झाले तर ह्यांनी पेढा घेऊन त्यात साखर कमी म्हणलं व्हतं. तात्याला न सांगता गेले. बप्पा बाजंवर, मान न वळवता म्हणले, कावून आलीस? म्हणलं, बप्पा, माझ्या कामात खोट काढायची हाय, तुमच्याशिवाय कोणाला जमणार न्हाई. आहो, त्या माणसाचं तोंड असं उजळलं, की इतक्या मानानं त्यांना लग्नातबी कोणी बोलावलं नसंल.

दुसऱ्या दिवशी बप्पा कडक इस्त्रीचं धोतर नेसून हजर, सोबत त्यांच्या फळीतले सात जण, सगळे तात्यावर खार खाऊन. बसायच्या आधीच खिडकी बारीक, चहा पाणचट. गाडी निघाली. पयल्या खेपंत बप्पांनी गुडघ्यावर कप ठेवला, दोष हुडकत राहिले आन् कप इसरूनच गेले, थेंब सांडला न्हाई, ह्याचाच त्यांना राग. दुसऱ्या खेपंत पूल ओलांडला आन् बप्पा ओरडले, आता काय मोडलं बे साहेब? डाव्या कुल्ल्याला तीनदा बसलं, मग वळणावर आतडं हाललं.

मार्क बघितले. पयलीला चार, दुसरीला एक. बाकीच्या सातांचंबी तसंच, कोणाचं पाचाच्या वर न्हाई. सरांनी चिठ्ठी उघडली, दुसऱ्या खेपंत सिस्टीम बंद होती. यंत्राच्या आलेखात पुलाच्या पुढं बरोबर तीन दणके. सर उठून उभे राहिले, म्हणले, हा माणूस कुठून आणलास? म्हणलं, सर, भावकी. ते म्हणले, ही कुठली संस्था? आन् अहवालात लिहिलं, स्वतंत्र परीक्षक.

काम राहिलं माझं. आता दर चाचणीला बप्पांना जीप जाती. मागल्या वेळी त्यांनी पाच दिले, मी म्हणलं, बप्पा, सहा तरी द्यायचे. तर म्हणले, सहा दिले तर तुझ्या बापापुढं मान वर करून चालू का मी?

आन् आता बघा, परवा तात्या म्हणले, जाऊ दे, ती बाभळ आसारामलाच देऊन टाकतो, वय झालं आमचं, मिटवू. मी म्हणलं, तात्या, तुमचं मन मोठं हाय, बप्पांनाबी देव उदंड आयुष्य देवो, पण पाया पडते तुमच्या, अजून दोन चाचण्या बाकी हायत, तेवढ्या होईस्तोवर बोलू नका.