पंच्याखालचा पासवर्ड

कॉम्प्युटरच्या सुरक्षेवर लिहायला मी कुठे शिकलो, विचारता? अहो, पावसच्या नानांकडे!

अठ्ठ्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. रत्नागिरीत आमच्या आंबा बागायतदारांच्या संघात पहिला कॉम्प्युटर आला. कुणाच्या पेटीला काय भाव मिळाला, ते सगळं त्यात. आणि समोरच्या बाकावर दलाल चहा पीत बसलेले! कॉम्प्युटर सांभाळायचं काम माझ्याकडे, म्हणून मी भिंतीवर कागद चिकटवला, 'पासवर्ड कोणालाही दाखवू नये.'

नाना आमचे अध्यक्ष. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून आंब्याचा भाव ठरवण्यात त्यांचा उभा जन्म गेलेला. कागद वाचून म्हणाले, "एवढंच ना? मग बघ."

खांद्यावरचा पंचा त्यांनी कीबोर्डवर टाकला आणि हात आत घातले. पण अक्षरं दिसेनात, म्हणून वाफारा घ्यावा तसं डोकंही आत घातलं. जरा वेळाने आतून खणखणीत आवाज आला, "के... हा सापडला. आता ए. ए कुठे मेला? हां. पी... आय... एल..."

बाकावरून एक दलाल ओरडला, "नाना, कपिला गाईचं नाव ठेवलंत होय? आता परत ए दाबा!"

सगळं ऑफिस खो खो हसत सुटलं. मी कपाळावर हात मारला. "अहो नाना, दाखवू नये म्हटलं होतं ना?"

नाना घामाघूम होऊन पंच्यातून बाहेर आले आणि भिंतीकडे बोट करून म्हणाले, "दाखवला कुणाला? ऐकवू नये असं लिहिलंयस कुठे? आधी नीट लिहायला शीक, मग आम्हाला शिकव!"