मीठ पडलं!

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले व्यवस्थापक साहेब. व्यासपीठावरच्या मेट्रनबाई आणि डॉक्टर मंडळी. ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते आमचे वस्ताद आणि वहिनी. आणि हातातली भाजी टाकून समोर येऊन बसलेले माझे स्वयंपाकघरातले सोबती, सगळ्यांना नमस्कार.

मला बोलायला उभं केलंय, आता भोगा! हिचं तोंड एकदा सुटलं की आवरत नाही, असं वस्तादच म्हणतात. या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात मी आले तेव्हा मला धड कांदा चिरता येत नव्हता. वस्तादांनी सुरी हातात दिलीच नाही. म्हणाले, "आधी भाज्या धू. हाताला भाजी कळू दे, मग बघू." मनात म्हटलं, काय खडूस माणूस आहे! मग चिरायला लागले, मग शेगडी मिळाली, आणि उद्यापासून त्यांची जागा. मैत्रिणी म्हणतात, नशीब काढलंस. नशीब कसलं डोंबलाचं? बोलणी खाल्लीत, पोटभर!

त्यांची एक रीत तुम्हाला ठाऊक असेल. पातेल्यात मीठ घातलं की घालणाऱ्याने ओरडायचं, "मीठ पडलं!" बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, "पडलं!" म्हणजे दुसरा कुणी पुन्हा घालत नाही. नव्या डॉक्टरीणबाई एकदा धावत आल्या होत्या, कोण पडलं म्हणून.

वस्ताद हात धुवायला गेले वाटतं. वहिनीही गेल्या बरोबर. मग आता बोलूनच टाकते.

एका सकाळी त्यांनी सूपच्या पातेल्यात मीठ घातलं, ओरडले, आम्ही उत्तर दिलं. थोड्या वेळाने पुन्हा घातलं, पुन्हा ओरडले. आम्ही हसलो, वाटलं, चेष्टा करताहेत. पुन्हा हात डब्यात गेला तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. मग आम्ही आळीपाळीने त्यांच्या शेजारी उभं राहू लागलो. पण किती दिवस झाकणार? शेवटी बिनमिठाच्या पातेल्यातच मीठ पडलं. मूत्रपिंडाच्या रुग्णांचं जेवण ते! मी चाखलं म्हणून वॉर्डात गेलं नाही. साहेब, तुम्हाला येऊन सांगितलं ते मीच. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन. पण घरी जाऊन हमसून हमसून रडले. अहो, बापाविरुद्ध साक्ष दिल्यासारखं वाटलं.

आणि आज सकाळी? वस्ताद मागच्या दाराने आले. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग. माझ्याकडे परक्यासारखं बघितलं आणि अदबीने म्हणाले, "बाई, इथल्या मुख्य तुम्हीच ना? काही काम मिळेल का? पडेल ते करीन."

मागे वहिनींनी तोंड फिरवलं. मला हातात सुरी धरायला शिकवणारा माणूस माझ्यासमोर हात जोडून उभा! काय सांगायचं त्याला? मी म्हटलं, "उद्या सकाळपासून या." इतके खूश झाले हो!

आलेच ते. आवरते. आपण सगळे आलात, डॉक्टरांनी वेळ काढला, मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. साहेब, तुमची परवानगी न घेता मी माणूस ठेवलाय, तेवढं माफ करा. शेगडीजवळ जाऊ देणार नाही. माझ्याशेजारी बसून मटार सोलतील. फक्त उद्या दारावर त्यांना कुणी अडवू नका.