समोरच्या घरातला दिवा

दुसरं घर घेऊन भाड्याने द्यायचं म्हणून एक शिक्षिका कर्जाची फाइल घेऊन बँकेच्या रांगेत उभी होती. तिच्यापुढे दोघी बहिणी कुजबुजत होत्या.

“ताई, भाडेकरू कधीच सोडून गेला. ह्यांना पत्ताच नाही.”

“मग हप्ता? मेंटेनन्स?”

“बांगड्या मोडल्या. घर घ्यायचा हट्ट माझाच होता ना!”

“अगं, तुमच्या खिडकीसमोरच तर आहे ते. अंधार दिसत नाही त्यांना?”

“संध्याकाळी गुपचूप जाऊन दिवा लावते, सकाळी बंद करते.”

“काल तर तू रात्रीपर्यंत माझ्याकडे होतीस.”

“तेच तर! परतले, तर तिकडे दिवा लागलेला.”

“दुसरी किल्ली कुणाकडे असते?”

बँकेची खिडकी रिकामी झाली, तरी तिघींपैकी कुणीच हललं नाही.

“ह्यांच्याकडे. आणि जेवताना म्हणाले, ‘भाडेकरू मात्र चांगला मिळाला हं आपल्याला!’”